हुकूमनामा हाती, पैसे वाटेवर

महोदय,

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. आता त्यावर नवा तोडगा निघाला आहे. पायरी दुसऱ्याने चढायची, वकिलाची फी आपण भरायची आणि दावा जिंकला तर वसुलीत वाटा घ्यायचा. लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारात असा 'दावे-वित्ता'चा धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आहेत, आणि परदेशी शेअर घेण्याची सोय मोबाइलवर आल्यापासून ते पुण्या-ठाण्यात बसून घेता येतात. देशातही काही ऑनलाइन कंपन्या 'दाव्याला भांडवल द्या' म्हणत छोट्या रकमा गोळा करतात. सगळ्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : सेन्सेक्स पडला म्हणून खटल्याचा निकाल बदलत नाही. वाक्य खरे आहे. पण निकालाची तारीख, अपील, स्थगिती, तडजोड आणि शेवटी वसुली यांतली एकही गोष्ट गुंतवणूकदाराच्या हातात नसते, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. या पत्राचा सगळा रोख त्या अर्ध्या भागावर आहे.

आधी व्यवहार कसा बसतो ते पाहू. एका कंत्राटदाराचा ४० कोटींचा, कागदपत्रांनी भक्कम असा दावा आहे आणि तो लढायला ४ कोटी लागतील, असे धरा. दावे-वित्त कंपन्या साधारण हेच प्रमाण शोधतात : खर्चाच्या दहापट तरी वास्तव वसुली दिसली पाहिजे. वादी मागतो तो आकडा यात धरत नाहीत, त्यांचा स्वतःचा वकील 'एवढे मिळू शकतील' म्हणतो तो धरतात. मुदतीचा कायदा आड येतो का, प्रतिवादीकडे जप्त करण्याजोगी मालमत्ता आहे का, मूळ करारावर सही करणारा माणूस साक्षीला उभा राहील का, हे तपासून बहुतेक प्रस्ताव दारातूनच परत जातात. ज्याला होकार मिळतो त्याच्या करारात वसुलीच्या वाटपाची उतरंड लिहिलेली असते. आधी ४ कोटी मुद्दल. मग मुद्दलासह एकूण तिप्पट किंवा वसुलीचे ३५ टक्के, यांत जे जास्त ते. उरेल ते वादीचे.

४० कोटी पूर्ण वसूल झाले तर कंपनीचे १४ कोटी आणि वादीचे २६. सगळे खूश. पण तीन वर्षांनी प्रतिवादी १५ कोटींवर तडजोडीला आला तर? तिप्पट म्हणजे १२ कोटी कंपनीचे, वादीच्या हाती ३. आणि १० कोटींची तडजोड आली तर सगळेच कंपनीच्या खिशात, वादी रिकामा. मग वादी तडजोडीच्या कागदावर सही कशाला करील? तो म्हणतो, लढू शेवटपर्यंत, गेले तर तुमचे जातील. करार जितका हावरा, तितका दावा लांबतो, आणि जाहिरातीतल्या 'तिप्पट' या शब्दाची किंमत त्या लांबण्यातच जाते. ४ कोटींचे १२ कोटी तीन वर्षांत झाले तर वर्षाला सुमारे ४४ टक्के. पाच वर्षांत २५ टक्के. सात वर्षांत १७. दहा वर्षे लागली तर साडेअकरा. निकाल तोच, रक्कम तीच, फक्त तारखा वाढल्या. शिवाय राखून ठेवलेले सगळे भांडवल पहिल्याच दिवशी वापरले जात नाही. ते हप्त्याहप्त्याने जाते आणि मधल्या काळात बँकेत पडून राहते. कंपनी परताव्याचा दर काढते तो वापरलेल्या पैशावर. शेअरधारकाचा पैसा मात्र पहिल्या दिवसापासून अडकलेला असतो.

आता एका दाव्याऐवजी दहा घेऊ, प्रत्येकी १ कोटीचे. तीन हरले, शून्य. तीन तडजोडीत दीडपटीने सुटले, साडेचार कोटी. तीन अडीचपटीने, साडेसात कोटी. आणि एक आठपटीने, ८ कोटी. दहाचे २० झाले. चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला १९ टक्क्यांच्या आसपास. आता तो आठपटीचा एकच दावा बाजूला काढा. नऊ कोटींचे १२ कोटी, म्हणजे वर्षाला साडेसात टक्के. कंपनीचे पगार, कार्यालये, कर्जाचे व्याज हे त्यातून अजून वजा व्हायचे आहे. जवळपास तेवढे पोस्टाचे बचत प्रमाणपत्र घरबसल्या देते. आकडे उदाहरणापुरते असले, तरी या धंद्याची घडण अशीच आहे : बरेच दावे किरकोळ फायदा देतात, काही पूर्ण बुडतात आणि एखादा मोठा दावा सगळ्यांना तारतो. म्हणून कुठल्याही कंपनीचा सरासरी परतावा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारावा, की सर्वांत मोठा दावा वगळून तो किती उरतो.

याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण बर्फर्ड कॅपिटल. २००९ मध्ये लंडनच्या छोट्या कंपन्यांसाठीच्या एआयएम बाजारात आणि २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेली ही कंपनी. तिचा गाजलेला दावा अर्जेंटिनाविरुद्धचा. वायपीएफ या तेल कंपनीची १९९३ मध्ये शेअरविक्री झाली तेव्हा तिच्या नियमावलीत एक कलम होते : कोणी नियंत्रण घेतले तर त्याने इतर भागधारकांनाही त्यांचे शेअर विकत घेण्याचा ठरलेल्या सूत्राने देकार द्यायचा. २०१२ मध्ये अर्जेंटिना सरकारने रेप्सोल या स्पॅनिश कंपनीकडचा ५१ टक्के हिस्सा ताब्यात घेतला आणि बाकीच्यांना देकार दिलाच नाही. पीटरसन या भागधारक गटाने कर्ज काढून शेअर घेतले होते. तो दिवाळखोरीत गेला. त्याच्या स्पेनमधल्या दिवाळखोरी प्रशासकाकडून बर्फर्डने २०१५ मध्ये दावा चालवण्याचा हक्क सुमारे दीड कोटी युरोंना घेतला, वसुलीत ७० टक्के वाट्याच्या बोलीने. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांनी, पीटरसन आणि दुसरा एक फंड मिळून, १६.१ अब्ज डॉलरचा हुकूमनामा दिला.

दीड कोटी युरोंवर अब्जावधी डॉलर! समाजमाध्यमांवर फिरतात ते एवढेच. पुढचा भाग असा : अर्जेंटिना अपिलात गेली. जून २०२५ मध्ये वायपीएफचे ५१ टक्के शेअर हवाली करण्याचा आदेश निघाला, त्यालाही वरच्या न्यायालयात स्थगिती मिळाली. २०२५ संपेपर्यंत त्या हुकूमनाम्यातला एकही डॉलर अर्जेंटिनाने दिलेला नव्हता. आपल्या दिवाणी कोर्टात उभे राहिलेल्या कोणालाही हे नवे वाटणार नाही. हुकूमनामा वेगळा, त्याच्या अंमलबजावणीसाठीचा अर्ज म्हणजे दरखास्त वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मागवलेल्या माहितीनुसार देशात ८.८ लाखांवर दरखास्ती प्रलंबित होत्या, आणि त्यांतल्या सर्वाधिक, ३.४ लाखांच्या आसपास, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत. न्यूयॉर्कची दरखास्त मात्र सार्वभौम देशाविरुद्ध आहे. तिथे बेलीफ पाठवून ट्रॅक्टर जप्त करता येत नाही.

बर्फर्डने या दाव्यातून खरी रोकड मिळवली ती आपल्या हक्काचे तुकडे इतर गुंतवणूकदारांना विकून. २०१६ ते २०१९ या काळात पीटरसनमधल्या आपल्या हक्काचा ३८.७५ टक्के भाग तिने सुमारे २३.६ कोटी डॉलरला विकला. शेवटच्या, जून २०१९ च्या विक्रीत १० टक्के भागाचे १० कोटी डॉलर आले, म्हणजे पूर्ण हक्काची किंमत १ अब्ज डॉलर धरली गेली. मग उरलेल्या भागाचे मूल्यही त्याच भावाने पुस्तकात चढले. शेतातला एक गुंठा गावातल्याच चौघांना चढ्या भावाने विकावा आणि उरलेल्या एकरांचा ताळेबंद त्या भावाने मांडावा, तसे हे. बेकायदा नाही. पण उरलेल्या एकरांना त्या भावाचे गिऱ्हाईक लागेल का, हे ताळेबंद सांगत नाही. त्याच वर्षी ७ ऑगस्टला मडी वॉटर्स या शेअर पाडून नफा कमावणाऱ्या संस्थेने नेमक्या या हिशेबावर अहवाल काढला. मुख्य वित्त अधिकारी या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पत्नी आहेत, हेही त्यात होते. दोन दिवसांत शेअर निम्म्याहून खाली आला. कंपनीने आरोप नाकारले, वित्त अधिकारी बदलला, पुढे कंपनी सावरलीही. तरी जे शिकायचे ते हिशेबातच आहे.

ते शिकायचे असेल तर वार्षिक अहवालातली 'वाजवी मूल्य' ही टीप उघडावी. दाव्याला बाजारभाव नसतो, म्हणून कंपनी स्वतःच त्याचे मूल्य ठरवते. दावा दाखल झाला, प्रतिवादीचा 'दावा फेटाळा' हा अर्ज फेटाळला गेला, पुरावा पूर्ण झाला, खालच्या कोर्टाचा निकाल लागला, अपील निकाली निघाले, अशा एकेका टप्प्यावर मूल्य वाढवत नेतात. ही वाढ नफा-तोटा पत्रकात उत्पन्न म्हणून येते. पैसा आलेला नसतो. शिवाय भविष्यातली वसुली आजच्या किमतीत आणायची म्हणून व्याजदराने सूट द्यावी लागते. व्याजदर वाढले की एकही दावा न हरता मूल्य घटते, आणि निकाल वर्षभर पुढे गेला तरी घटते. 'बाजाराशी संबंध नाही' या वाक्याला पहिले भोक इथे पडते.

म्हणून नफ्याचा आकडा बाजूला ठेवून रोकड-प्रवाह पत्रकापासून सुरुवात करावी. निकाली निघालेल्या दाव्यांतून वर्षात प्रत्यक्ष किती पैसे बँकेत आले? त्यातून चालू खर्च आणि कर्जाचे व्याज भागले का? पाच वर्षांचे हे आकडे एका कागदावर ओळीने मांडले की पुष्कळ कळते. नफा दर वर्षी आणि रोकड कधीमधी असे दिसले, तर कंपनी नव्या कर्जावर किंवा नव्या शेअरविक्रीवर जगते आहे. मग पाहावे 'मान्य पण अद्याप न दिलेली रक्कम', म्हणजे चालू दाव्यांना अजून किती द्यायचे बाकी आहे. दावा अर्ध्यावर सोडला तर आधीचे सगळे बुडते, म्हणून ही रक्कम नावाला ऐच्छिक असली तरी देणे समजूनच धरावी. मग सर्वांत मोठ्या दाव्याचे पुस्तकी मूल्य शोधावे आणि ते शून्य धरून निव्वळ मालमत्ता पुन्हा काढावी. शेअरची किंमत त्या उरलेल्या मालमत्तेच्या किती पट आहे, हे पाहिल्यावर आपण कंपनी विकत घेतो आहोत की एका खटल्याचे लॉटरी तिकीट, ते स्पष्ट होते. दाव्यांच्या वयाचा तक्ता असेल तर तोही पाहावा. चांगले दावे लवकर तडजोडीत सुटतात, अडलेले मागे राहतात. त्यामुळे फक्त निकाली दाव्यांवर काढलेला परतावा नेहमी जरा गोंडस दिसतो. आणि वेतनाच्या टिपेत एवढेच बघावे, की बोनस रोकड आल्यावर देतात की नफा नोंदल्यावर.

कर्जाचे तर वेगळे सांगायला हवे. लिटिगेशन कॅपिटल मॅनेजमेंट ही मूळची ऑस्ट्रेलियातली, लंडनला नोंदलेली छोटी कंपनी. एका मागोमाग एक दावे हरल्यावर २०२५ मध्ये तिच्या शेअरची बहुतेक किंमत पुसली गेली आणि कर्जदाराकडून अटी सैल करून घेण्याची पाळी आली. त्याआधीची अनेक वर्षे तिचा जिंकण्याचा इतिहास उत्तम होता. दाव्यांची संख्या थोडी असली की नाणे चार वेळा सलग उलटे पडायला वेळ लागत नाही, आणि डोक्यावर कर्ज असेल तर पाचव्या वेळेपर्यंत थांबायला सावकार तयार नसतो.

हरल्यावर फक्त मुद्दल जाते, हेही पूर्ण खरे नाही. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा असतो, आणि तो खर्च दाव्याला पैसा पुरवणाऱ्यावरही बसतो. २००५ च्या आर्किन प्रकरणात न्यायालयाने ही जबाबदारी पुरवलेल्या रकमेइतकी मर्यादित ठेवली. नंतरच्या निकालांनी ती मर्यादा आपोआप मिळेलच असे नाही, हे स्पष्ट केले. एक्सकॅलिबर प्रकरणात तर दावा मुळातच पोकळ ठरल्याने, २०१६ मध्ये पैसे पुरवणाऱ्यांना चढ्या दराने खर्च द्यावा लागला. यासाठी विमा मिळतो. तो घेतला आहे का आणि त्याचा हप्ता कोणाच्या वाट्यातून जातो, ते विचारावे. आपल्याकडे लवादात त्रयस्थ वित्तदात्यावर, तो पक्षकार नसताना, खर्चाची वसुली लादता येणार नाही असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मे २०२३ मध्ये म्हटले. दिवाणी दाव्यांचे गणित निराळे, त्याकडे पुढे येतो.

कायदाच बदलण्याची जोखीम याहून मोठी. २६ जुलै २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रक कंपन्यांच्या पॅकार प्रकरणात निकाल दिला. वसुलीच्या टक्केवारीवर आधारलेले वित्तकरार त्यांच्या एका जुन्या कायद्याच्या कक्षेत येतात आणि त्याच्या अटी पाळल्या नसतील तर ते अंमलात आणता येत नाहीत, असे ठरले. एका सकाळी सगळ्या उद्योगाला आपले करार टक्क्यांवरून पटींवर बदलून लिहावे लागले. अमेरिकेत जून २०२५ मध्ये दावे-वित्ताच्या नफ्यावर जादा कर लावण्याची तरतूद मोठ्या करविधेयकात घुसली होती. ती शेवटच्या क्षणी, आणि तीही सिनेटच्या कामकाजाच्या नियमांमुळे, गळाली. लोकमतही फार बाजूने नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस प्रकरणात ५५५ जणांनी २०१९ मध्ये ५.७७५ कोटी पौंडांची तडजोड मिळवली. त्यातले सुमारे ४.६ कोटी खर्च आणि वित्तपुरवठ्यात गेले, माणशी वीस हजार पौंडांच्या आसपास उरले. मास्टरकार्डविरुद्धचा सामूहिक दावा १४ अब्ज पौंडांचा म्हणून गाजला आणि २० कोटींवर मिटला. ती तडजोड वित्तदात्याला इतकी झोंबली की त्याने तिच्या मंजुरीलाच आव्हान दिले. वादी आणि वित्तदाता एका बोटीत असतात, हे किनारा दिसेपर्यंतच खरे.

आता आपल्याकडे. भारतात त्रयस्थाने दाव्याला पैसा पुरवणे बेकायदा नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच सांगितले की इंग्लंडचा त्याविरुद्धचा जुना कायदा इथे जसाच्या तसा लागू नाही, फक्त करार अघोरी किंवा लोकहिताविरुद्ध नसावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ए. के. बालाजी प्रकरणात तेच पुन्हा नमूद केले, आणि वकिलाला मात्र हे करता येणार नाही, हेही. महाराष्ट्रात एक खास तरतूद आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ ला आपल्याकडे जोडलेला नियम ३. दाव्याला पैसा मिळावा म्हणून वादीने दाव्याच्या मालमत्तेत कोणाला हिस्सा दिला किंवा द्यायचे कबूल केले, तर न्यायालय त्या व्यक्तीला, तिच्या संमतीने, वादी करून घेऊ शकते आणि तिच्याकडून खर्चाचे तारण मागू शकते. म्हणजे 'पडद्यामागचा' गुंतवणूकदार पडद्यापुढे येऊ शकतो. दुसरी मेख मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६(ई) मध्ये आहे : नुसता दावा लावण्याचा हक्क विकता येत नाही. म्हणून इथले करार बहुधा वसुलीच्या रकमेवर हक्क देतात, दाव्यावर नाही. वादीने पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन हात वर केले, तर त्याच्यामागे नवा दावा लावायचा. वसुली थेट तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात जमा होण्याची अपरिवर्तनीय सूचना नसेल तर त्या कागदावर सही करू नये.

आपल्याकडे खरा पैसा आहे तो बांधकाम आणि पायाभूत सुविधांच्या लवाद-निवाड्यांत. मुंबईच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने मार्च २०१९ मध्ये आपले निवाडे आणि दावे ब्लॅकरॉकच्या पुढाकारातल्या गटाला देऊन १,७५० कोटी उभे करण्याचा करार जाहीर केला होता. असे करावे का लागते? लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी निवाड्याविरुद्ध कलम ३४ चा अर्ज नुसता दाखल केला की अंमलबजावणी आपोआप थांबायची. सरकारी खात्यांना याहून सोयीचे काय? दुरुस्तीने ते बंद केले, २०१९ च्या कलम ८७ ने जुन्या प्रकरणांसाठी मागच्या दाराने परत आणले, आणि याच कंपनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी ते कलम रद्द केले. २०२३ मध्ये केंद्राने वादनिपटाऱ्याची योजना आणली तेव्हा लवादात जिंकलेल्या कंत्राटदारांना निवाड्याच्या ६५ टक्के देऊ केले. जिंकलेल्याला पस्तीस टक्के सोडायला सांगणे, आणि त्याने ते मुकाट्याने सोडणे, यातच आपल्याकडच्या वसुलीचा बाजारभाव कळतो. जून २०२४ पासून केंद्राच्या सूचना अशा, की सरकारी कंत्राटात लवादाचे कलम शक्यतो १० कोटींखालच्या वादांपुरते ठेवावे. पुढच्या दाव्यांचा झरा त्याने आटतो.

आणि जिंकणे म्हणजे काय, हे समजायला दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गाचा खटला पुरे. मुंबईच्या रिलायन्स इन्फ्राच्या उपकंपनीने २०१७ मध्ये मेट्रोविरुद्ध लवादात २,७८२ कोटी आणि वर व्याज जिंकले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ते कायम केले. खंडपीठाने फिरवले. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा पुन्हा उभा केला, नोव्हेंबरमध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळली. यापुढे काही उरत नाही, असे कोणताही वकील सांगेल. १० एप्रिल २०२४ रोजी क्युरेटिव्ह याचिकेवर, म्हणजे पुनर्विचारानंतरच्या क्वचितच मिळणाऱ्या शेवटच्या संधीत, तोच निवाडा रद्द झाला. व्याजासह ८,००० कोटींच्या घरात गेलेली रक्कम गेली, मेट्रोने आधी भरलेले पैसेही परत करायचे ठरले, आणि शेअर त्या दिवशी २० टक्क्यांनी पडून खालच्या सर्किटला अडकला. वाजवी मूल्याच्या कुठल्याही तक्त्यात नोव्हेंबर २०२१ नंतर हा दावा जवळजवळ रोकडीसारखा धरला गेला असता.

देशातल्या ऑनलाइन योजनांत दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक, दाव्याच्या निकालावर अवलंबून पैसा. दुसरी, दिवाळखोरी प्रक्रियेतल्या कंपनीला 'अंतरिम वित्त', जे त्या प्रक्रियेच्या खर्चात धरून इतर देण्यांआधी परत द्यावे लागते. दुसरी बरीच सुरक्षित आहे, पण तिचा आणि खटला जिंकण्याचा काही संबंध नाही. तेव्हा आपला पैसा नेमका कशात जातो ते आधी विचारावे. मग तो कोणत्या कागदावर जातो ते. सेबीकडे नोंदलेल्या पर्यायी गुंतवणूक निधीत किमान गुंतवणूक १ कोटी रुपये असते. पन्नास हजारांत कोणी 'निधी' म्हणत असेल तर तो तो निधी नव्हे. बहुधा खासगी कंपनीचे कर्जरोखे किंवा भागीदारी संस्थेतला हिस्सा असतो. कंपनी कायद्याच्या कलम ४२ खाली खासगी विक्री आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांना करता येत नाही आणि तिची जाहिरात तर करताच येत नाही. दर महिन्याला ठरावीक परतावा देऊ करणारा माणूस दावे-वित्त करतच नाही. खटला महिन्याला पैसे देत नाही, ते पैसे दुसऱ्या ठेवीदाराचे असतात. त्याच्यासाठी राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहेत, पण त्या कायद्यांखाली पैसे परत मिळायला पुन्हा कोर्टाचीच पायरी.

परदेशी शेअर घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. उदारीकृत प्रेषण योजनेत (एलआरएस) वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर, १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार, बँक २० टक्के कर गोळा करून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची भरावीच लागते, एकच शेअर असला तरी. ती कॅलेंडर वर्षाची असते, आर्थिक वर्षाची नव्हे, आणि चुका तिथेच होतात.

देशातल्या दाव्यात पैसे घालण्यापूर्वी एक काम फुकट करता येते. दाव्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक मागावा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकावा. पुढची तारीख कधी, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, मागच्या दहा तारखांना काय झाले आणि किती वेळा 'वेळ मागितला' असे लिहिले आहे, हे समोर येते. लवादाचे कामकाज कायद्याने गोपनीय असल्याने तिथे हे जमत नाही. पण निवाड्याविरुद्ध कलम ३४ चा अर्ज न्यायालयात गेला असेल तर त्याला क्रमांक पडलेला असतो, आणि 'निवाडा जिंकलेला आहे' असे सांगणाऱ्याला तो तोंडपाठ असायला हवा.

आपला,
लेखापरीक्षण आणि लवाद-दाव्यांच्या हिशेबाचे काम करणारा एक वाचक, ठाणे